ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्याचीच गोळी

खर्डी, कसारा, शहापूर, मुरबाड आणि रस्त्यापासून आत असलेल्या पाड्यापाड्यांवर आमचं बोलणं ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या, आज्या आणि बचत गटातल्या सख्यांनो, आज आपण दुखण्यावरच्या गोळ्यांबद्दल बोलणार आहोत. सगळ्याच गोळ्यांबद्दल नाही. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात त्या जोरदार गोळ्यांबद्दल, ज्या अफूच्या कुळातल्या आहेत.

अफू म्हटल्यावर दचकू नका. आपण अनारशाला खसखस लावतो ना, ती त्याच झाडाची. खसखस म्हणजे बी, ती खायला धोका नाही. पण त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की जो चीक गळतो, तो अफू. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवाना असलेले शेतकरी ही शेती करतात. हा अफू सरकारच विकत घेतं आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यापासून औषधाचा माल तयार होतो. त्यातूनच मॉर्फिन आणि कोडीन मिळतं. ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल आणि फेंटानिल ही औषधं कारखान्यात बनतात, पण शरीरात त्यांचं काम साधारण तसंच. मेंदूपर्यंत पोचणारी वेदनेची हाक ती दाबतात.

या गोळ्यांच्या बाबतीत आपल्या गावांत दोन उलट्या गोष्टी घडतात. ज्या माणसाला गोळीची खरी गरज आहे, त्याला ती भीतीपोटी दिली जात नाही. आणि जिला ती गोळी कुणी लिहूनच दिलेली नाही, ती दुसऱ्याच्या डब्यातली घेऊन गिळते. आज या दोन्ही गोष्टींबद्दल बोलायचं आहे.

आधी भीतीचं बोलू. समजा, घरात सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर आहे. किंवा आत्याबाईंना गर्भाशयाच्या तोंडाचा. उपचार झाले, पण आजार पुढे गेलेला आहे. रात्रभर कण्हणं चालू असतं. मुंबईच्या डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. गोळ्या घरी आल्या आणि शेजारची कुणीतरी म्हणाली, "अगं, ही तर नशेची गोळी. सवय लागेल. आणि ही सुरू केली म्हणजे माणूस आता जाणारच." झालं. गोळ्या फडताळात राहतात. माणूस तळमळतो, आणि घरातली बाई त्याच्या उशाशी बसून रात्री काढते.

मैत्रिणींनो, मॉर्फिनने मरण लवकर येत नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दिलं तर दुखणं कमी होतं, माणसाला झोप लागते, चार घास जातात, नातवंडांशी दोन शब्द बोलता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1986 साली कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्या सांगितल्या. दुखणं थोडं असेल तर साधी गोळी, वाढलं तर त्याहून जोरदार, आणि फार असेल तर मॉर्फिन. जगभर अजून साधारण याच वाटेने जातात.

मग आपल्याकडे मॉर्फिन इतकं दुर्मीळ का? 1985 साली अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. नशेचा व्यापार थांबावा हा हेतू होता. पण परवाने इतके झाले की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला औषधी वापर 90 टक्क्यांहून जास्त घटला. आपल्याच देशात अफू पिकतो आणि आपलीच माणसं दुखण्याने ओरडतात, अशी गत झाली. केरळचे डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं यासाठी झगडली. 2014 साली संसदेने कायदा बदलला आणि मॉर्फिनसारख्या औषधांचे नियम सोपे केले. आता राज्याच्या औषध विभागाने मान्यता दिलेल्या रुग्णालयांना ते ठेवता येतं. म्हणून मॉर्फिनची गोळी बाजारातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणार नाही, पण मान्यता असलेल्या रुग्णालयात मिळते. ती महागडीही नाही. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेलं आपलं औषध जवळ बाळगणं हा गुन्हा नाही. फक्त प्रवासात चिठ्ठी गोळ्यांसोबतच ठेवा.

परळचं टाटा हॉस्पिटल आपल्याकडच्या अनेकांना माहीत आहे. कसारा लोकलने जाऊन तिथे नंबर लावणारी माणसं आपल्या गावांत आहेत. तिथे दुखणं कमी करण्यासाठी वेगळा विभाग आहे, पॅलिएटिव्ह मेडिसिन नावाचा. आजार बरा होणार असो वा नसो, दुखणं, मळमळ, धाप, झोप, मनाची घालमेल यांवर तिथे उपचार करतात. वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे. आजार हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना तिथे ठेवून मोफत सेवा करतात. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या," तरी तुम्ही विचारा, "दुखण्याचं काय? कुणाला दाखवायचं?" हा प्रश्न विचारणं आपला हक्क आहे. रुग्णाला दर वेळी इतक्या लांब नेणं झेपणार नसेल, तर नातेवाईकाने कागदपत्रं घेऊन गोळ्या आणल्या तर चालतील का, जवळ कुठे मिळतील का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

आता गोळी द्यायची कशी, ते सांगतो.

ही गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची असते. दुखणं आभाळाला भिडेपर्यंत थांबायचं आणि मग द्यायची, असं करू नका. डॉक्टरांनी दर चार तासांनी सांगितली असेल तर दर चार तासांनी. मध्येच कळ आली तर जादा गोळी द्यायची का आणि किती, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या असतात. त्या कुटून, चावून किंवा पाण्यात विरघळवून दिल्या तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं आणि जिवावर बेततं. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार मिळतो.

एक वही करा. गोळी किती वाजता दिली आणि दुखणं किती उरलं, एवढंच लिहा. म्हाताऱ्या माणसाला एक ते दहा आकडे कळले नाहीत तर आण्यांत विचारा. "काल सोळा आणे दुखत होतं, आज किती आणे?" ते नीट सांगतात. पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. मात्रा वाढवायची की कमी करायची, ते त्यावरून त्यांना ठरवता येतं. आपण घरी ठरवायचं नाही.

पोट साफ न होणं हा या गोळ्यांचा हटकून होणारा त्रास. मळमळ आणि गुंगी बहुतेकांना पहिले काही दिवस होते, मग कमी होते. पोटाचं मात्र तसं नाही, ते गोळी चालू असेपर्यंत राहतं. म्हणून डॉक्टर सोबत पोट साफ होण्याचं औषध देतात. ते रोज द्या. "आज झाली, उद्या नको" असं करू नका. अनेक घरांत पोट गच्च होतं म्हणून मॉर्फिनच बंद करतात आणि दुखणं पुन्हा सुरू होतं.

आणि सवयीचं काय? शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन लागणं वेगळं. काही आठवडे गोळी घेतली की शरीर सरावतं. म्हणून ती एकदम बंद केली तर घाम, थरथर, जुलाब, बेचैनी होते. डॉक्टर ती हळूहळू कमी करून बंद करतात. व्यसन म्हणजे दुखणं नसताना गोळी शोधणं, लपवून घेणं, नुकसान होत असूनही न थांबणं. कॅन्सरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत असं क्वचित होतं. त्या भीतीने आपल्या माणसाला तळमळत ठेवू नका.

आता दुसरी बाजू. जिच्या नावाची चिठ्ठीच नाही, तिने गोळी घेणं.

आपल्याकडे हे कसं होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आवणीचे दिवस. दिवसभर चिखलात वाकून कंबर मोडलेली. किंवा एप्रिल-मे महिना, हंडे वाहून मान धरलेली. घरी कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं, त्याच्या उरलेल्या गोळ्या डब्यात. "घे गं, ह्याने लगेच आराम पडतो." एक वाहिनी घेते, एक जाऊबाई घेते, एक शेजारी जाते. त्या पाकिटावर बहुतेक वेळा ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल अशी दोन नावं असतात. 2018 पासून ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं आहे. पाकिटावर लाल रंगात एनआरएक्स अशी खूण आहे का, बघा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला सांगा. ती खूण दिसली की समजायचं, ही वाटायची गोळी नाही. अशा औषधांसाठी मेडिकलवाल्याला चिठ्ठी बघून, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. तेव्हा तो चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्यावर चिडू नका. जो चिठ्ठीशिवाय देतो, त्याच्यापासून सावध राहा.

एकाची गोळी दुसऱ्याला का चालत नाही? माणसागणिक मात्रा वेगळी. ज्याला आकडी येते, फिट्स येतात, त्याला ट्रॅमाडॉलने फिट येऊ शकते. मनाच्या आजाराची गोळी चालू असेल, तर काही गोळ्यांशी ट्रॅमाडॉलचं जमत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल, वय झालं असेल, तर औषध अंगात साचतं. दमा असेल, तर श्वासाला धोका. शिवाय ट्रॅमाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं हे माहीत नसलं, तर ताप आला म्हणून आणखी पॅरासिटामॉल घेतलं जातं आणि लिव्हरवर भार येतो. अंगाने बारीक बाईला आणि दारू पिणाऱ्या माणसाला तो भार जास्तच.

आणि कंबरदुखीवर ही गोळी तितकी कामाचीही नाही. ऑस्ट्रेलियात कंबर आणि मानेच्या नव्या दुखण्याच्या रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2023 साली प्रसिद्ध झाला. काहींना या कुळातली गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. सहा आठवड्यांनी दोन्हीकडचं दुखणं सारखंच. मग आवणीच्या कमरेसाठी काय? गरम पाण्याचा शेक, रात्री नीट झोप, दर थोड्या वेळाने उठून उभं राहणं, आणि आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारून साधी गोळी. पण पायात मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला, ताप आला, वजन उतरायला लागलं, किंवा पडल्यापासून दुखत असेल, तर शेकत बसू नका. लगेच खर्डीच्या, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा.

परदेशात काय झालं, तेही ऐका. अमेरिकेत 1996 नंतर या कुळातल्या गोळ्यांची फार जाहिरात झाली. पाठदुखी, गुडघेदुखी, कशालाही डॉक्टर त्या लिहू लागले. उरलेल्या गोळ्या घरोघरच्या कपाटांत साठल्या. पुष्कळांना व्यसन लागलं, आणि गोळ्या मिळेनाशा झाल्यावर ते चोरट्या बाजाराकडे वळले. 2021 या एका वर्षात तिथे या कुळातल्या पदार्थांच्या अतिमात्रेने 80 हजारांहून जास्त माणसं गेली. त्यात बरीच चोरट्या फेंटानिलने गेली. पण सुरुवात चिठ्ठीवरच्या गोळ्यांपासून झाली होती.

लहान मुलांबद्दल जरा जास्त सांगतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची गोळी द्यायच्या. तिला बाळगोळी म्हणत. 1922 च्या सुमारास डॉक्टर बार्न्स या बाईंनी या कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्या बाळांना अफू दिला जात असल्याचं त्यांनी लिहिलं. त्या आया वाईट नव्हत्या. दिवसभर गिरणीत उभं राहायचं, बाळ बघायला कुणी नाही, ते झोपून राहावं एवढंच त्यांना हवं होतं. पण त्या गोळीने बाळं अशक्त होत, दूध पीत नसत, आणि काही परत उठतच नसत. आज बाळगोळी गेली, पण खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. कोडीन आणि ट्रॅमाडॉल 12 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. मोठ्या माणसाचं खोकल्याचं औषध अर्धा चमचा करून मुलाला पाजू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईने आणि दिवस गेलेल्या बाईने दुखण्याची कुठलीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना आपली स्थिती सांगावी. औषध दुधातून बाळाला जातं.

गोळी चालू असलेल्या माणसाने विळा-कोयता हातात घेऊ नये, विहिरीच्या काठावर जाऊ नये, झाडावर चढू नये, गाडी चालवू नये. निदान गुंगी पूर्ण जाईपर्यंत तरी. आणि दारू अजिबात नाही. दारू किंवा झोपेची गोळी आणि ही गोळी एकत्र आली की श्वास मंदावतो. घरातला माणूस पीत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला लाजू नका. लपवलं तर त्याच्याच जिवाला धोका.

आता धोका ओळखायचा कसा? माणूस हलवूनही नीट जागा होत नाही. श्वास फार सावकाश, किंवा मध्येच थांबतो. घशातून घरघर येते. ओठ आणि नखं निळी-काळी पडतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. यातलं काही दिसलं तर 108 ला फोन करा. माणसाला एका कुशीवर वळवा, तोंडात काही असेल तर काढा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, कांदा हुंगवत, अंगात आलंय का बघत वेळ घालवू नका. एकट्याला सोडू नका. औषधाचं पाकीट सोबत न्या. रुग्णालयात यावर नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, ते वेळेत मिळालं तर माणूस परत येतो.

काही वेळा औषधाची चिकटपट्टी देतात, कातडीवर लावायची. तिच्यावर शेक देऊ नका, चुलीजवळ किंवा उन्हात बसवू नका. उष्णतेने औषध भराभर अंगात शिरतं. नवी लावण्याआधी जुनी काढा. काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असतं, ती चिकट बाजू आत घडी घालून लगेच टाकून द्या, पोरांच्या हाती लागू देऊ नका.

गोळ्या ठेवायच्या कुलपात. पत्र्याची पेटी चालेल, किल्ली एकीकडेच. गोळ्या मोजून ठेवा आणि वहीत आकडा लिहा. घरातलं तरुण पोर गोळ्या कमी करतंय असं दिसलं तर मारझोड करून उपयोग नाही. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, तो फुकट आहे. मनावर ताण असेल तर 14416 वर बोलता येतं.

शेवटचं, उरलेल्या गोळ्यांचं. आजारी माणूस बरा झाला किंवा गेला, तरी गोळ्या राहतात. खर्चून आणलेलं टाकवत नाही, हे आम्हाला समजतं. पण त्याच गोळ्या उद्या शेजारी जातात. जिथून आणल्या तिथे परत घेतात का, आधी विचारा. घेत नसतील तर संडासात टाकून पाणी ओता. केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण खात्याने 2025 साली अशी 17 औषधं सांगितली आहेत, जी घरात ठेवण्यापेक्षा संडासात टाकणं बरं. त्यांत मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल आहेत. बाकीची औषधं अशी टाकायची नाहीत. आणि उकिरड्यावर, ओढ्यात तर कुठलंच औषध टाकू नका.

पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत, हप्ते लिहून झाल्यावर, दहा मिनिटं या कामाला द्या. प्रत्येकीने घरचा औषधाचा डबा बघून यायचं. लाल खूण असलेली पाकिटं कोणाकडे आहेत, कोणाच्या नावाची, अजून लागतात का, हे आशाताईंना बोलावून विचारा. आणि गावात कुणी दुखण्याने रात्री काढतंय का, हेही त्याच बैठकीत विचारा. त्या घरी दोघी जणी जा. कागद बघा, कोणत्या रुग्णालयात न्यायचं ते ठरवा, कोणी सोबत जायचं तेही ठरवा. फुले जन आरोग्य योजनेत काय मिळेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

ज्याच्या नावाची चिठ्ठी आहे, त्याला गोळी वेळेवर मिळू द्या, भिऊ नका. ज्याच्या नावाची नाही, त्याने कितीही मागितली तरी देऊ नका. तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून आमच्याकडे पाठवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारून उत्तरं देऊ.